पहिल्या पानावरचा घुमट

नोव्हेंबर २०१० मधल्या एका बुधवारी संध्याकाळी, शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या छापखान्यात आमच्या दैनिकाच्या मालमत्ता पुरवणीची छपाई थांबवण्यात आली. पहिल्या पानावर एका निवासी इमारतीची जाहिरात होती. त्या इमारतीचे वरचे काही मजले आणि त्यांच्यावरचा हिरवा घुमट छापील पानावर नव्हता. त्याच दिवशी दुपारी कार्यालयात काढलेल्या प्रूफवर तो होता.

मी त्या काळात एका इंग्रजी दैनिकाच्या पुरवण्यांच्या डेस्कची प्रमुख होते. कार्यालय दुबईत अल कुसैसला, छापखाना शारजाला. मधे रस्ता थोडा आणि गर्दी फार. माझ्या कामाचा मोठा भाग पाने लावून घेणे हा होता. ज्यांनी वर्तमानपत्राचे कार्यालय पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगायचे तर, बातमी लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा आणि ती पानावर बसवणारा वेगळा. पान लावणारा कॉम्प्युटरच्या पडद्यावर मजकूर, मथळे, छायाचित्रे आणि जाहिराती आपापल्या जागी बसवतो. प्रत्येक चित्र एका चौकटीत असते. चौकट ही खिडकी आणि चित्र हे खिडकीपलीकडचे दृश्य, असे समजावे. खिडकी लहान केली तर दृश्य लहान होत नाही, ते कमी दिसते. या हकिकतीत एवढे लक्षात ठेवले तरी पुरेसे आहे.

२००८ च्या उन्हाळ्यात आमची मालमत्ता पुरवणी इतकी जाड होती की ती दाराखालच्या फटीतून आत सरकत नसे. वाटणारी मुले ती दाराबाहेर टाकून जात. पुढच्या उन्हाळ्यात ती मूळ अंकात घडी घालून मावू लागली. जाहिराती गेल्या तशी माणसे गेली. आधी प्रूफ वाचणारे गेले, मग एक छायाचित्रकार, मग पाने लावणारे. माणसे कमी झाली तशी मशिनेही कमी केली. शेवटी माझ्याकडे पाने लावणारे दोघे आणि मोठ्या पडद्याचे एक मशीन उरले. सकाळी अरबी पाने लावायला नबील, दुपारपासून इंग्रजी पाने लावायला विनय. दोघांचे टेबल एक, खुर्ची एक, लॉगिनही एकच.

नबील अलेक्झांड्रियाचा. मला तो ‘मदाम’ म्हणे आणि विनयला ‘हबीबी’, म्हणजे दोस्ता. विनय पुण्याचा. तिथल्या एका साप्ताहिकात तो शिकला, त्यामुळे मला ‘ताई’ म्हणण्याची सवय त्याने इथेही सोडली नाही. तो बायको स्वाती आणि मुलगी ईरा यांच्यासह कार्यालयापासून चालत जाता येईल अशा इमारतीत राहत होता. ईरा बारावीला होती. परीक्षा मार्चमध्ये होती.

इथे नोकरी आणि मुक्काम या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. नोकरी गेली की व्हिसा रद्द होतो, आणि मग सामान बांधायला साधारण महिना मिळतो. २००९ मध्ये आमच्या आसपासची अनेक कुटुंबे शाळेचे वर्ष अर्ध्यावर सोडून परत गेली होती. विनयच्या घरात हा विषय कोणी काढत नसे. माझ्याकडे मात्र विनयने तो काढला, कारण त्याचा हात बिघडला होता.

आमच्या धंद्यातला हा जुना आजार आहे. दिवसभर माउस धरून पाने सरकवायची, मनगट एकाच कोनात ठेवायचे, बोट एकाच बटणावर. विनयचे उजवे मनगट त्या वर्षीच्या मे महिन्यापासून दुखत होते. जुलैपर्यंत त्याला माउस धरवेना. डॉक्टरांनी मनगटाला पट्टा दिला. तो पट्टा घालून तो घरून निघे आणि लिफ्टमध्ये काढून खिशात ठेवी.

“ताई, हाताचं वर सांगू नका,” तो मला म्हणाला. “मॅथ्यू सरांना कळलं तर पुढच्या यादीत पहिलं नाव माझं. मार्चपर्यंत काढायचंय फक्त. तिचे पेपर होऊ देत, मग काय व्हायचं ते होऊ दे.”

मॅथ्यू आमचे उत्पादन व्यवस्थापक. कोट्टायमचे, शिस्तीचे, वाईट नसलेले. पण त्यांच्याकडे दर तिमाहीला वरून निरोप येई, आणि त्यांना कोणाचे तरी नाव द्यावेच लागे. मी विनयला सांगितले, की मला विचारले तर मी खोटे बोलणार नाही. पण कोणी विचारलेले नाही.

ऑगस्टमध्ये विनयने स्वतःच्या खिशातून एक ट्रॅकपॅड आणला. लॅपटॉपला जो स्पर्शाचा चौकोन असतो, तोच मोठा करून, सुटा काढून, टेबलावर ठेवण्याजोगा केलेला. वर काच, मागे दोन सेल घालण्याची नळी, वायर नाही. ती वस्तू तेव्हा नवीच बाजारात आली होती. त्याने किंमत मला आधी दिरहममध्ये आणि नंतर खालच्या आवाजात रुपयांत सांगितली.

ट्रॅकपॅडची गंमत अशी की त्याला बोटांची संख्या कळते. एका बोटाने बाण फिरतो. दोन बोटे सरकवली की पान वर-खाली जाते. चिमूट उघडली की चित्र मोठे दिसते, मिटली की लहान. मुठीत काही धरावे लागत नाही आणि मनगट सपाट राहते. मुख्य म्हणजे तो डावीकडे ठेवता येतो. विनयने तो डावीकडे ठेवला आणि चाळिशी ओलांडल्यावर डाव्या हाताने काम करायला शिकू लागला. पहिले दोन आठवडे त्याची पाने उशिरा आली. मी ती उशिरा येऊ दिली.

त्याने घरीही सराव केला. एका शुक्रवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. जेवणाच्या टेबलाच्या एका कडेला ईराची पुस्तके, दुसऱ्या कडेला हा सराव.

“बाबा, यू आर प्रेसिंग टू हार्ड,” ईरा पुस्तकातून डोके वर न काढता म्हणाली. “इट्स नॉट अ डोअरबेल.”

“अगं, दाबल्याशिवाय कळणार कसं त्याला?”

“इट नोज, बाबा. जस्ट टच.”

“सगळ्यांना सगळं कळतं या घरात,” स्वाती आतून म्हणाली. “भाजी गार होतेय एवढं सोडून.”

कार्यालयात त्या वस्तूकडे सुरुवातीला कोणी गांभीर्याने पाहिले नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा जावेद पहिल्या दिवशी म्हणाला, “मॅडम, बाथरूम की टाइल यहाँ कौन रख गया?” अत्तरांचे एक व्यापारी आपली जाहिरात पाहायला आले आणि बोलता बोलता सुलेमानीचा, म्हणजे बिनदुधाच्या चहाचा, ग्लास त्यावर ठेवून मोकळे झाले. त्यांना वाटले, त्याचसाठी आहे. एका फर्निचर दुकानाच्या मालकीणबाईंना विनयची चिमूट इतकी आवडली की त्यांनी ट्रॅकपॅड उचलून मांडीवर घेतला आणि आपला सोफा स्वतः मोठा करू लागल्या. पडद्यावर सोफा मोठा होत गेला, शेवटी नुसते कापडाचे विणकाम दिसू लागले. “हां, बस, ऐसा ही छापो,” त्या म्हणाल्या. मोठे दिसणे आणि मोठे छापले जाणे यांतला फरक समजावायला विनयला अर्धी दुपार लागली.

नबीलने तो पहिल्यांदा बाजूला सारला. नंतर एक दिवस माउसची वायर तुटली म्हणून वापरला, आणि मग परत दिला नाही. “अरबी पानाला हे बरं आहे,” त्याने मला सांगितले. “उजवीकडून डावीकडे जायचं, तर हात फिरवला की झालं.” विनय दुपारी येई तेव्हा ट्रॅकपॅड उजवीकडे गेलेला असे. तो उचलून डावीकडे ठेवणे, ही त्याच्या पाळीची सुरुवात असे.

“तू सगळं उलटं करून ठेवतोस,” विनय म्हणे.

“हबीबी, उलटं कोण वाचतं हे ठरायचं आहे अजून,” नबील म्हणे आणि घरी जाई.

आता त्या बुधवारची जाहिरात. इमारत खरी होती, मंदीच्या आधी विकायला काढलेली. मधे तिचे काम थांबले होते. त्या काळात अनेक इमारती अर्ध्यावर राहिल्या, आणि काही ठरल्यापेक्षा कमी मजल्यांवर आटोपल्या. या इमारतीबद्दलही तशी कुजबुज होती. वरच्या मजल्यांवरची घरे ज्यांनी नकाशा पाहून घेतली होती, ते बांधकाम कंपनीच्या कार्यालयात चकरा मारत होते. त्या वर्षी काम पुन्हा सुरू होऊन पूर्ण झाले. घुमट बसला. जाहिरातीचा उद्देश तेवढाच होता. मोठ्या अक्षरांत ओळ होती, की आम्ही शब्द पाळला. शेजारी इमारत, पायापासून घुमटापर्यंत.

छायाचित्रातले आकाश काढून टाकून इमारत तेवढी ठेवली होती, आणि मागे पानालाच फिका निळा रंग दिला होता. दुपारच्या प्रूफवर घुमटाचे टोक पुरवणीच्या नावाला टेकत होते. मी विनयला ते थोडे खाली घ्यायला सांगितले, त्याने घेतले. कंपनीचे मार्केटिंगप्रमुख फारूक साहेब स्वतः आले, प्रूफ पाहून मान्य करून गेले.

पान छापखान्याकडे धाडण्याच्या थोडे आधी त्यांचा फोन आला. फोन क्रमांकातला एक आकडा बदलायचा होता. विनयने आकडा बदलला. ते विचारू लागले, डोम ठीक है ना, डोम पूरा है ना. विनयने खात्रीसाठी इमारतीच्या चित्रावर क्लिक केले, पाहिले आणि सांगितले, “पूरा है, सर.” ते आणखी काही वेळ बोलत राहिले. फोन ठेवून त्याने पान धाडले. पूर्वी अशा वेळी कागदावर पुन्हा एक प्रूफ निघे आणि दुसरा माणूस ते वाची. तो माणूस आता नव्हता.

दर बुधवारी पहिल्या प्रती पाहायला मी छापखान्यात जात असे. हेही पूर्वी दुसऱ्याचे काम होते. मशीन सुरू झाले, घड्या पडून प्रती येऊ लागल्या. मी एक उचलली. पान सुबक दिसत होते, आणि अडचण तीच होती. पुरवणीच्या नावाखाली मोकळे निळे आकाश होते, आणि दुपारी त्या जागेसाठी आमची ओढाताण झाली होती. खाली एक सपाट गच्चीची, व्यवस्थित, पूर्ण वाटणारी इमारत होती. ज्याने मूळ इमारत पाहिली नव्हती त्याला काही चुकले आहे असे वाटलेच नसते. तिच्या शेजारी ओळ होती, की आम्ही शब्द पाळला.

मी फोरमनला मशीन थांबवायला सांगितले. त्याने हात वर केला, मशीन मंद होत होत थांबले. वाटपाची गाडी मागे उभी होती. गठ्ठे बांधणे सुरू झाले नव्हते.

विनयला फोन केला. त्याने पान उघडले.

“ताई, चौकटीची वरची कड खाली आलीय,” तो म्हणाला. “मी नाही केली. म्हणजे... माहीत नाही.”

“आधी वर कर. मग बोलू.”

खिडकीचे शटर अर्धे खाली यावे तसे झाले होते. चित्र आत तसेच होते, झाकले गेले होते. त्याने कड वर नेली, कागदावर प्रूफ काढले, जावेदकडून पाहून घेतले आणि पान पुन्हा धाडले. छपाईची नवीन प्लेट बनली. छापलेल्या प्रती रद्दीत गेल्या. पुरवणी उशिरा पण त्याच संध्याकाळी छापून झाली. मधल्या वेळात मी फारूक साहेबांना छपाईला उशीर होत असल्याचे कळवले.

“लेट है तो लेट, मॅडम, कोई बात नहीं,” ते म्हणाले. “बस डोम आना चाहिए. आज भी तीन लोग आके बैठे थे ऑफिस में. ऊपरवाले फ्लोर के. बोले, अखबार में देखेंगे तब मानेंगे.”

मी सांगितले, घुमट येईल.

गुरुवारी सकाळी मॅथ्यूंनी बोलावले. वाया गेलेला कागद आणि प्लेट यांचा अहवाल छापखान्याकडून त्यांच्या टेबलावर आला होता. ते उठून आमच्या डेस्कपाशी आले. नबील मशीनवर होता. विनय आपली पाळी दुपारची असूनही आला होता. तो मागे उभा होता, उजवा हात खिशात.

“ये खिलौना कौन लाया?” मॅथ्यूंनी ट्रॅकपॅडकडे बोट दाखवले.

“मी आणलं, सर,” विनय म्हणाला.

“कंपनी का नहीं है?”

“नाही, सर. माझं.”

“देन टेक इट होम. आज से सब लोग माउस. खलास.”

विनय ट्रॅकपॅड उचलायला पुढे झाला. माउसवर तो अर्धा दिवसही काढू शकत नव्हता हे त्या खोलीत दोघांना माहीत होते, असा माझा समज होता. मी मॅथ्यूंना म्हटले, चूक कशी झाली ते अजून कळलेले नाही. वस्तू काढून टाकली आणि कारण तिसरेच निघाले तर पुढच्या बुधवारी पुन्हा तेच होईल. त्यांनी घड्याळ पाहिले आणि शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढून बसले. “शो मी.”

मी विनयला खुर्चीत बसवले. काल फोनवर बोलताना जसा बसला होतास तसा बस, म्हटले. त्याने रिसीव्हर खांद्यात अडकवला. चित्रावर क्लिक केले. बाण चौकटीच्या वरच्या कडेवर ठेवला, कारण घुमट तिथे होता. डावा हात ट्रॅकपॅडवर टेकवला.

“मग?”

“मग ते बोलत होते. मी ऐकत होतो.”

“ऐक मग.”

तो ऐकत असल्यासारखा बसला. पहिली काही मिनिटे काही झाले नाही. मॅथ्यू चुळबुळले. मग विनयला खांद्यातला रिसीव्हर घसरतोय असे वाटले आणि तो किंचित वळला. काचेवर टेकलेली तीन बोटे एक बोटभर खाली सरकली. पडद्यावर घुमट गेला. त्याच्यामागून दोन-तीन मजले गेले. त्याने बटण दाबले नव्हते. तो पडद्याकडे पाहतही नव्हता.

“अरे,” मॅथ्यू म्हणाले.

“तीन बोटांनी ओढलं जात नाही, सर,” विनय म्हणाला. “दाबून ओढावं लागतं. मी रोज तसंच करतो.”

“कालपासून जातं,” नबील मागून म्हणाला. सगळे वळले. “सेटिंगमध्ये आहे. तीन बोटं टेकवली की वस्तू उचलली जाते, दाबावं लागत नाही. मी काल सकाळी सुरू केलं. मला सोपं पडतं. सांगायला विसरलो.”

लॉगिन एकच होते. सकाळच्याने केलेली सोय दुपारच्याला लागू झाली होती, आणि दुपारच्याला ते माहीत नव्हते. दोघांनीही आपापले काम नेहमीप्रमाणे केले होते.

मॅथ्यूंनी सुस्कारा टाकला. “तो भी सेम थिंग. माउस होता तो ये होता ही नहीं. निकालो.”

नबीलने ट्रॅकपॅड उचलला आणि स्वतःजवळ घेतला.

“मिस्टर मॅथ्यू, हे काढलं तर मी पानं लावणार नाही,” तो शांतपणे म्हणाला. “माझा खांदा दुखतो. माझं वय आहे. माउस तुमच्या टेबलावर न्या, हवा तर. अरबी पानं तुम्ही लावा.”

अरबी पाने लावणारा आमच्याकडे तो एकटाच उरला होता. मॅथ्यूंना हे सगळ्यांपेक्षा चांगले माहीत होते. ते हसले.

“ब्लॅकमेल, हां?”

“खांदा,” नबील म्हणाला.

जावेदला बोलावले. त्याने दोघांसाठी वेगवेगळी लॉगिन केली. नबीलच्या लॉगिनमध्ये तीन बोटे चालू, विनयच्या बंद. मॅथ्यूंनी स्वतः विनयच्या लॉगिनमध्ये बसून तीन बोटे काचेवर बराच वेळ फिरवली. आधी हलकी, मग जोर लावून. इमारत जागेवर राहिली. मग त्यांनी चिमूट उघडून पाहिली, घुमट पडदाभर झाला. त्यांनी ती आणखी दोनदा उघडून मिटली.

“ओके. रखो,” ते उठत मला म्हणाले. “लेकिन पेज भेजने से पहले कागज पे प्रूफ. हर बार. मेधा, तुम साइन करो.”

प्रूफ वाचणारा परत मिळेल का, असे मी विचारले. ते म्हणाले, इन्शाल्ला. तो मिळाला नाही.

विनय पुन्हा खुर्चीत बसला. मॅथ्यू गेल्यावर त्याने उजवा हात खिशातून काढला. त्यात मनगटाचा पट्टा होता. तो त्याने पहिल्यांदाच कार्यालयात, सगळ्यांसमोर हातावर चढवला, आणि थोड्या वेळाने काढून ठेवला.

त्या दुपारी मी नबीलला त्याच्या खांद्याबद्दल विचारले.

“खांदा चांगला आहे, मदाम,” तो म्हणाला. “अल्हम्दुलिल्लाह.”

“मग?”

“जो माणूस उन्हाळ्यापासून चहाचा ग्लास डाव्या हाताने उचलतो, त्याला काय झालंय हे कोणी सांगावं लागतं? तुम्ही सगळे भारतीय फार गुपचूप असता.” त्याने ट्रॅकपॅड डावीकडे सरकवून ठेवला आणि आपली पिशवी घेतली. “यल्ला, निघतो. त्याची पाळी सुरू झाली.”

डिसेंबरमध्ये पुन्हा वरून निरोप आला. मॅथ्यूंनी नाव दिले, ते आमच्या डेस्कचे नव्हते. जानेवारीत विनयच्या व्हिसाचे नूतनीकरण झाले. हाताबद्दल त्याला कोणी विचारले नाही, आणि म्हणून मलाही कोणी विचारले नाही. उन्हाळ्यापर्यंत त्याचे मनगट पुष्कळ सुधारले. ट्रॅकपॅड मात्र डावीकडेच राहिला.

फारूक साहेबांनी गुरुवारच्या अंकाच्या प्रती मागवून घेतल्या. त्या त्यांनी कार्यालयाच्या दर्शनी भागात ठेवल्याचे नंतर सांगितले. रद्दीत गेलेल्या प्रतींबद्दल त्यांना काही कळले नाही.

मार्चमध्ये ईराने बारावीचे सर्व पेपर दुबईतल्या आपल्याच शाळेत दिले. शेवटच्या पेपरच्या दिवशी विनय तिला शाळेत सोडून दुपारी कामावर आला. त्या दिवशी त्याने पुरवणीची चार पाने लावली. चारही वेळेत गेली.